प्रमोदिनीबाई कोणत्या चर्चच्या?

दुसऱ्याचं कौतुक झालं की काहींच्या पोटात दुखतं, हे का मी सांगायला हवं? पेरांबूरच्या रेल्वे क्वार्टर्समधल्या सुनीतीबाईंच्या पोटात तर पंधरा दिवस दुखत होतं!

गोष्ट १९५८ सालची. मद्रासमधली दहा-बारा मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती कुटुंबं दर बुधवारी कोणाच्या तरी घरी प्रार्थनेला जमत. गुड फ्रायडेला बायकांची प्रार्थना चालवायचा मान सहा वर्षं सुनीतीबाईंचा. वडील अहमदनगरला पाळक होते, तेव्हा मान आपल्याच घरचा, अशी त्यांची खात्री. यंदा मात्र बायका म्हणाल्या, "प्रमोदिनीबाईंना सांगू या. त्यांनी प्रार्थना केली की जिवाला बरं वाटतं."

जिवाला बरं वाटतं! मग आमच्या प्रार्थनेनं काय डोकं दुखतं? सुनीतीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. इस्पितळातली नर्स, एक गीत धड सुरात म्हणता येत नाही, आणि तिला हा मान! त्यातच मैलापूरहून परतताना त्यांनी प्रमोदिनीबाईंना सँथोमच्या कॅथलिक चर्चमध्ये मेणबत्ती लावून गुडघ्यांवर बसलेलं पाहिलं. आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं.

पुढच्या बुधवारी प्रार्थना सुनीतीबाईंच्याच घरी होती. कॉफी झाली आणि त्या उठल्या.

"पाळकसाहेब, प्रमोदिनीबाई कॅथलिकांकडे जातात, त्या मोठमोठ्यानं प्रार्थना करणाऱ्या पेंटेकॉस्टवाल्यांच्या मांडवातही जातात म्हणे. त्या नक्की कोणत्या चर्चच्या? अशा बाईनं आमची प्रार्थना चालवायची?"

म्हातारे पाळक दत्तोपंत हसले. "सुनीतीबाई, मद्रासला येऊन तुम्ही सांबार शिकलात. म्हणून नगरची भाकरी विसरलात का?"

"सांबार वेगळं, विश्वास वेगळा!"

"विश्वासालाही भूक असतेच, बाई. त्यांनाच विचारू या."

प्रमोदिनीबाई ओशाळल्या. "जाते मी. आजाऱ्यापाशी बसून मी फार बोलायचे. गप्प बसायला सँथोमला शिकले. लाज सोडून देवाकडे मागणं पेंटेकॉस्टच्या अम्मांनी शिकवलं. आमच्या केरळच्या सिरियन ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या उपासनेत एकमेकांचे हात धरून देवाची शांती शेवटच्या माणसापर्यंत पोचवतात. म्हणून वॉर्डात मी प्रत्येकाचा हात धरते. आणि पवित्र शास्त्र वाचायला शिकले ते सुनीतीबाईंकडून."

"माझ्याकडून?"

"आमचे हे गेले, तेव्हा महिनाभर तुम्ही रोज यायचात. माझं लक्ष नसायचं, तरी अध्याय पुरा वाचल्याशिवाय उठायचा नाहीत. त्या वाचनावरच मी उभी राहिले, बाई. अजून रोज एक अध्याय पुरा वाचते."

सुनीतीबाई हे साफ विसरल्या होत्या! ज्या बाईवर आपण पंधरा दिवस जळलो, ती इतकी वर्षं आपलंच देणं जपत होती! त्यांना रडू फुटलं.

"मी पाहिलं ते खरंच होतं," त्या म्हणाल्या, "पण मला बोलायला लावलं ते मत्सरानं. गुड फ्रायडेची प्रार्थना तुम्हीच चालवा. अध्याय मी वाचीन. आणि एकदा मलाही सँथोमला न्या."

त्या खरोखरच गेल्या. पाच मिनिटं गप्प बसताना जीव मेटाकुटीला आला, पण बसल्या.

बंधुभगिनींनो, दुसऱ्याच्या चर्चमधलं चांगलं घेतल्यानं आपला विश्वास बाटत नाही, तो भरतो. आणि ज्याच्यावर आपण जळतो, त्याला एकदा विचारून तरी पाहावं. कोण जाणे, त्यानं आपल्याकडूनही काही घेतलेलं असेल!