माझ्या पोटातल्या पाच ओळी

मित्रांनो, मी एक जुनी फ्लॉपी आहे. तळहाताएवढी, काळी, चौकोनी. हल्लीच्या कॉम्प्युटरमध्ये मला शिरायला दारच नाही. पण एके काळी बीडच्या बाजारात, शिवशरणअप्पांच्या छापखान्यात माझा मोठा मान होता. खंडेनवमीला मला हळदकुंकू लागायचं.

तिथला कॉम्प्युटर अप्पांची लेक प्रणिता चालवी. कॉम्प्युटर सुरू होताना आधी एक फाईल वाचतो. कोणत्या लिपीत लिहायचं, प्रिंटर कोणता, हे त्याला तिथून कळतं. त्या फाईलची एक प्रत प्रणितानं माझ्या पोटात जपून ठेवली होती.

अठ्ठ्याण्णव साली बद्रीनाथ इंजिनिअर जुनी यंत्रणा काढून नवी टाकायला आले. नवी यंत्रणा प्रत्येक फाईलला विचारी, जुनी ठेवू की नवी घेऊ? त्यांनी उत्साहानं सगळीकडे ‘नवी’ म्हटलं. झालं, पडद्यावर मराठीच्या जागी नुसते चौकोन!

नेमक्या त्याच दिवशी मेंढरं राखणाऱ्या कडूबाई येऊन बसल्या होत्या. त्यांच्या लेकीचं, बबिताचं लग्न ठरलं होतं. पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची, म्हणून तीन वाजता त्यांची जीप नारायणगडाला निघणार होती.

“कावून गं पोरी, रातीतून मराठी इसरलं व्हय हे?” कडूबाईंनी प्रणिताला विचारलं.

बद्रीनाथांनी माझ्यातली जुनी फाईल जशीच्या तशी टाकली. मराठी आली, पण माऊस हलेना. पुन्हा नवी टाकली, पुन्हा चौकोन. असं तीनदा झालं. मग दोन्ही फाईली शेजारी मांडून ते शंभर ओळी ताडून पाहू लागले. अडीच वाजले.

काय शोधताय, असं कडूबाईंनी विचारलं. प्रणितानं समजावून सांगितलं.

“दोन कळप पाण्यावर मिसळले, तर आमी समदी मेंढरं न्हाई बघत बसत,” कडूबाई म्हणाल्या. “आधी आपली वळखायची. ह्यात तुझ्या कोणत्या, ते सांग की.”

प्रणिता हसायलाच लागली. तिनं स्वतः घातलेल्या प्रत्येक ओळीवर आपलं नाव लिहिलं होतं. अशा ओळी होत्या फक्त पाच! बद्रीनाथांनी त्या एकेक करून नव्या फाईलीत घातल्या. चौथीनं माऊस अडवला, ती काढली. पाचवी घातली आणि पडद्यावर ‘चि. सौ. कां. बबिता’ स्वच्छ उमटलं. अप्पांनी सगळ्यांना चहा सांगितला.

कडूबाईंना वाचता येत नव्हतं. लेकीचं नाव कुठं आहे ते विचारून त्यांनी छापलेल्या पत्रिकेवर बोट ठेवलं. शाई ओली होती; अक्षर पसरलं. प्रणिता दुसरी काढू लागली, तोच बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

“ऱ्हाऊ दे. देवाला सांगीन, आईचं बोट लागलंय,” म्हणत त्या चहा न घेताच पळाल्या.

मित्रांनो, नवं जरूर आणा; मला त्याचा आनंदच आहे. फक्त आपण काय बदललं आणि कशासाठी, ते तिथंच लिहून ठेवा, आणि जुनी प्रत घाईनं पुसू नका. तुमच्या ओळी तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला ओळखू येणार?