न आलेल्या टॅबचा भाव

रुपचंद आबांनी उभ्या आयुष्यात कुठल्याच गोष्टीला चांगलं म्हटलं नव्हतं. माणूस कडवट होता म्हणून नव्हे, धंदाच तसा होता. अमळनेरच्या एका जिनिंगमध्ये त्यांनी चौतीस वर्षं कापसाची पारख केली. कापसाची गाडी दारात लागली की आबा वरच्या ढिगाकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. बाही कोपराच्या वर सारायची, हात थेट गाडीच्या तळापर्यंत घालायचा आणि तिथला मूठभर कापूस ओढून काढायचा. मग धागा ताणून बघायचा, ओल किती, पानाचा कचरा किती, कीड लागलेला किती, ते बघायचं आणि भाव सांगायचा. माल कितीही पांढराशुभ्र असो, आबांच्या तोंडून अहिराणीत एवढंच निघायचं, "बरा शे." म्हणजे बरा आहे. खरेदी करणाऱ्याच्या माणसानं तारीफ केली की विकणारा लगेच भाव चढवतो, म्हणून जीभ आवरायची.

पण ही आवरलेली जीभ त्यांनी घरीही तशीच आणली. झुंबरबाईंच्या हातचं भरीत खायला पाहुणे एरंडोलहून वाट वाकडी करून येत, त्या भरताला "बरं शे." खुद्द झुंबरबाईंना बघायला गेले होते तेव्हाही आबा "बरी शे" म्हणूनच उठले होते, आणि बाईंनी ते अजून माफ केलेलं नाही. मेघा, त्यांची एकुलती एक मुलगी, बारावीत तालुक्यात पहिली आली. पेढ्याचा पुडा सोडताना आबा म्हणाले, "बरं शे."

ही मेघा धुळ्याला कॉम्प्युटर शिकली, तिथल्याच एका मोबाइलच्या दुकानात दोन वर्षं काउंटरमागे उभी राहिली आणि मग अमळनेरला परत येऊन तिनं घरच्या माळ्यावर यूट्यूब चॅनल सुरू केलं. 'मेघा सांगस' त्याचं नाव. कुठला फोन घ्यावा, कुठला घेऊ नये, कशात काय खोट आहे, हे सगळं ती अहिराणीत सांगायची. शिरपूरपासून पाचोऱ्यापर्यंत लोक ऐकायचे. सुरतेला कामाला गेलेली खान्देशी पोरं तर तिला विचारल्याशिवाय चार्जरसुद्धा घेत नसत.

आबांना त्यात एकच गोष्ट खटकायची. मेघा बाजारात न आलेल्या वस्तूंबद्दलही बोलायची.

"ज्या मालमा हात घाला नही, त्याना भाव कसा सांगस तू?" ते विचारायचे.

"आबा, लोके इचारतस. मी काय करू?"

"सांगानं, माले ठाऊक नही."

मेघा हसून माळ्यावर निघून जायची. पण गावात तेवढ्यावर भागत नसे. स्टँडसमोरच्या टपरीवाल्या भाईदासला तर आबा दिसले की चेवच यायचा. "काय आबा, तुमनी आंडेर आज कोना बारसानं नाव ठेवी ऱ्हायनी? पोऱ्या अजून जल्मना नही!" लेकीवरचा हा टोमणा ऐकून टपरीवरचे हसायचे. आबा चहा संपवून गुमान उठायचे. भाईदासला उलटून बोलणं त्यांना कधीच जमलं नाही, आणि त्याचं कारण फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

त्या वर्षी सगळीकडे एकच बोलणं चाललं होतं. एका बड्या कंपनीचा छोटा टॅब येणार, पावणेनऊ इंची, दप्तरात मावेल असा. पेन डब्यातच फुकट, आणि किंमत म्हणे अकरा हजार. आठ वेबसाइटींनी हे छापलं होतं, आणि व्हिडिओ तर विचारूच नका.

एका गुरुवारी चोपड्याकडून कुवरसिंग सर आले. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचे हे पावरा आदिवासी समाजातले शिक्षक. नववीतल्या सहा मुलींसाठी त्यांना टॅब हवे होते. गावानं मोहाची फुलं आणि चारोळी विकून पैसे जमवले होते, उरलेले सरांनी आपल्या पगारातून घातले होते. धुळ्याच्या एका दुकानात त्याच कंपनीचा मोठा टॅब सवलतीत तेरा हजारांना मिळत होता, पण रविवारपर्यंतच. सोमवारपासून पुन्हा अठरा.

"पोरी डोंगरातून दीड तास चालत येतात ताई," सर म्हणाले. "छोटा असला तर बरं. आणि अकराला मिळाला तर उरलेल्या पैशात सोलरवर चालणारा चार्जरही येईल. पण थांबून चुकलो, तर या वर्षी पुन्हा पैसे जमायचे नाहीत. तुम्ही सांगाल तसं करतो."

"थांबा सर," मेघा म्हणाली. "आठ ठिकाणी एकच भाव आहे. एवढे सगळे चुकणार नाहीत."

सर निर्धास्त मनानं बस पकडायला गेले. आबा ओट्यावर बसून हे ऐकत होते. त्यांना ते "तुम्ही सांगाल तसं" आवडलं. एके काळी जिनिंगच्या दारात लोक त्यांनाही असंच म्हणायचे.

शुक्रवारी दुपारी चहा घेताना आबांनी सहज विचारलं, "वाच बरं, काय काय शे त्या धाकलामा." मेघा वाचत गेली. स्क्रीन, कॅमेरा, बॅटरी. आबांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "वजन चारशे नव्वद ग्रॅम."

मेघाकडे त्या कंपनीचा मोठा टॅब होताच. आबांनी तो तळहातावर घेतला आणि सवयीनं हात दोनदा वरखाली केला.

"हाई कितलं?"

"चारशे पासष्ट."

"मंग धाकलं मोठापेक्षा भारी कसं?"

मेघा म्हणाली, छापताना चुकलं असेल. आबा म्हणाले, दुसरीकडं देख. दुसरीकडेही चारशे नव्वद. तिसरीकडेही. मेघा एकेक करत आठव्यापर्यंत गेली, आणि आठव्यालाही चारशे नव्वदच. आबांनी कप खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना या टॅबमधलं काहीतरी कळलं होतं.

"मेघा, आठ गाड्यासमा सारखाच कचरा निंघना, ते त्या आठ गावन्या गाड्या नसतस. बठ्ठा माल एकच शेतना ऱ्हास." एका व्यापाऱ्यानं असंच केलं होतं. एकच ढीग आठ गाड्यांत भरून दोन फाटकांनी आत पाठवला, म्हणजे सगळ्या शिवाराचा माल असाच आहे असं वाटावं. आबांनी आठही गाड्यांच्या तळातून कापूस काढला, तर प्रत्येक मुठीत त्याच एका गवताचं कुसळ.

मेघाचा चेहरा उतरला. पण बसून राहणारी पोर नव्हती ती. चहा तसाच टाकून माळ्यावर गेली आणि आठही बातम्यांचा माग काढत मागे मागे गेली. चार वाजता खाली आली ती फोन पुढे धरूनच. दीड वर्षापूर्वी कुण्या कॉलेजच्या पोरानं एका ठिकाणी लिहिलं होतं, की असा टॅब निघाला तर मी पहिला घेईन. त्याखाली त्यानं आपल्या मनातला टॅब मांडला होता. पावणेनऊ इंच, पेन फुकट, अकरा हजार, आणि वजन मनानंच ठोकून दिलेलं, चारशे नव्वद. कुणीतरी त्याचा फोटो काढला, वरचं "निघाला तर" कापलं आणि बातमी म्हणून सोडून दिला. बाकीच्यांनी तोच उचलला.

"म्हंजे हाई त्या पोऱ्यानं सपन शे," आबा म्हणाले.

"हो आबा. आनि त्याना भरोसावर मी सरले थांबा म्हनं."

मग तिनं स्वतः तळापर्यंत हात घातला. कंपनीनं सरकारी मंजुरीसाठी दिलेले कागद शोधले, त्यातला बॅटरीचा आकडा घेतला, कंपनीचा मागचा छोटा टॅब कितीला आला होता ते पाहिलं, आतले सुटे भाग वर्षभरात किती महागले ते धरलं. हिशोब सतरा ते अठरा हजारांवर येऊन थांबला. पेन वेगळं विकत घ्यावं लागणार. इयरफोनची पिन लावायला जागा बहुतेक नसणार.

आणि तिनं फोन उचलला.

"थांब," आबा म्हणाले. "दिधेल शब्द फिरावाना नही. कालदिन थांबा म्हनं, आज नको थांबा? तुनं नाव जाई."

"आबा, नाव मनं जाई. टॅब त्या पोरीस्ना जातीन."

एवढं बोलून तिनं नंबर लावलाही. "सर, मेघा बोलतेय. काल मी सांगितलं ते चुकलं. माझीच चूक आहे, मी नीट न बघता बोलले. थांबू नका. उद्याच धुळ्याला जाऊन मोठे घ्या."

पलीकडून सर म्हणाले, "बरं झालं ताई, वेळेत सांगितलंत."

एवढंच. आभाळ कोसळलं नाही. आबा ओट्यावर जाऊन बसले, आणि सत्तावीस वर्षांपूर्वीची एक दिवाळी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. दारात गाड्यांची रांग होती, त्यांना घरी जायची घाई होती. एका गाडीत त्यांनी हात मनगटाच्या जरा वरपर्यंतच घातला आणि भाव सांगून टाकला. दुसऱ्या दिवशी खालचा सगळा कापूस पाणी मारलेला निघाला. आबांनी तळापर्यंत बघितलंय असं धरून मालक, तोलताना पाणी मारू दिलं म्हणून, वजन करणाऱ्या तोलाऱ्यावर, वनावर, खवळला. वना हातापाया पडला. आबांना एकच वाक्य बोलायचं होतं. नाव जाईल म्हणून ते बोलले नाहीत. वनाचं काम गेलं, त्यानं स्टँडसमोर टपरी टाकली. आता वना नाही. टपरी त्याचा मुलगा चालवतो, भाईदास.

मेघाचा व्हिडिओ आला आणि लोक तुटून पडले. सगळं जग अकरा म्हणतंय आणि ही अमळनेरची बाई अठरा! कुणी लिहिलं, दुसऱ्या कंपनीनं पैसे चारले. भाईदासनं तर टपरीवरच्या पाटीवर खडूनं लिहिलं, 'चहा १०, मेघाताईना भाव १८.' दीड महिना ती पाटी आबांनी रोज वाचली.

टॅब आला तो मंगळवारी दुपारी. टपरीवर दहाबारा जण एका मोबाइलभोवती डोकी लावून उभे होते, आबाही कडेला होते. पडद्यावरचा सुटाबुटातला माणूस इंग्रजीत बरंच काही बोलला. मग मोठ्या अक्षरांत किंमत आली. सतरा हजार चारशे नव्व्याण्णव. खाली बारीक अक्षरांत होतं, पेन वेगळं.

उकळलेला चहा पातेल्याबाहेर आला, तेव्हा भाईदास भानावर आला. त्यानं फडकं घेतलं आणि पाटी पुसली. "पन इयरफोननी जागा शे हां आबा," तो पुटपुटला. "तठे ती चुकनी."

"चुकनी," आबा म्हणाले. पण छाती अशी भरून आली होती की त्यांना तिथं उभं राहवेना. घराकडे निघाले ते विशीतल्या पोरासारखे, सायकलवाल्यांना मागे टाकत. आज पोर आठही जणांची नावं घेऊन पाणउतारा करणार, आणि तो बसून ऐकायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. आता तिचा हक्कच होता तो.

माळ्याच्या जिन्यावरच त्यांना तिचा आवाज ऐकू आला. रेकॉर्डिंग सुरू झालं होतं.

"राम राम मंडई. पयले मनं काय चुकनं ते सांगस. इयरफोननी जागा नही ऱ्हावाव, आसं मी सांगं व्हतं. ती शे. मनं चुकनं."

आबा जिन्यातच थांबले. भावाचं ती नंतर बोलली, तेही दोन वाक्यांत. मग कुवरसिंग सरांनी पाठवलेला फोटो दाखवला. सहा मुली पाड्यावरच्या ओसरीत मांडीवर टॅब घेऊन बसलेल्या. पुढं बसलेल्या रोशनीनं तर टॅबला आईच्या जुन्या लुगड्याची पिशवी शिवली होती.

रेकॉर्डिंग संपल्यावर मेघानं वळून बघितलं. बापाचे डोळे भरले होते.

"कसं व्हयनं आबा?"

"चांगलं," आबा म्हणाले. "भलतंच चांगलं."

खाली स्वयंपाकघरात काहीतरी धाडकन पडलं. झुंबरबाई वरण ढवळायचं सोडून जिन्याशी आल्या. "काय म्हनात तुम्ही?"

पण आबा तोवर चपला घालून बाहेर पडले होते. टपरीवर गर्दी पांगली होती. भाईदास एकटाच पातेलं घासत होता.

"आते काय, पेढा लयनात का?" त्यानं विचारलं.

आबांनी उजवी बाही वर सारली. कोपराच्या बरंच खाली, मनगटाच्या जरा वर, बोट ठेवलं. "भाईदास, त्या दिवाईले मी अठलोंगच, इतलाच हात घाला व्हता. खालला माल मी देखाच नही. तुना बापनं काही चुकेल नव्हतं. चूक मनी व्हती."

भाईदासचा हात थांबला. त्यानं पातेलं खाली ठेवलं. "हाई तो जित्ता व्हता तवय सांगतात ते बरं व्हतं," तो म्हणाला.

"हो."

"सत्तावीस वरीस नही सांगं. मंग आजच कसं?"

"मनी आंडेरनी शिकाडं," आबा म्हणाले. रस्त्यानं जाणाऱ्यालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. "चांगली शे ती, भाईदास. मनापेक्षा चांगली शे."