तोकडी कॉइल

फ्यूज पुन्हा उडाला, तेव्हा धाकट्या दिरानं दारातूनच टाळी वाजवली. "वहिनी, भट्टीनं मान टाकली बघा!"

थोरल्या सुनेनं तिकडे लक्ष दिलं नाही. मातीचे कप घडवायला मागची खोली तिला मिळाली होती ती सासूबाईंच्या शब्दावर, आणि तो शब्द रविवारपर्यंतचाच होता. तोवर कप भाजून निघाले नाहीत तर तिथं दिराच्या दुकानाचा माल येणार होता. आज शनिवार उजाडला होता.

"फ्यूजला जाड तार घाला. सगळं जग तेच करतं."

"रोग रेड्याला नि औषध पखालीला! करंट जास्त जातोय म्हणून फ्यूज उडतोय. जाड तारेनं फ्यूज वाचेल, भिंतीतली वायर जळेल."

"माहेरी दुधाऐवजी वीजच पाजत होते वाटतं!"

तिनं प्लग काढला, भट्टी तापवणारी तारेची कॉइल सोडवली आणि दोन्ही टोकांना मीटर लावला. सतरा ओहम. नवी होती तेव्हा चोवीस भरले होते, हे तिला पक्कं आठवत होतं. मग सात गेले कुठं?

कॉइलवरच्या पिळलेल्या गाठी बोटांना लागल्या आणि तिला उलगडा झाला. कॉइल तुटली की जळका तुकडा कापायचा, उरलेली टोकं जोडायची, आणि नवी तार वाचवली म्हणून खूश व्हायचं, हा तिचाच शिरस्ता. दर खेपेला कॉइल तोकडी होत गेली, विजेच्या वाटेतला अडथळा घटत गेला. घरातला दाब मात्र तोच, दोनशे तीस व्होल्ट. दाब तेवढाच आणि अडथळा कमी, म्हणजे करंट वाढणारच: साडेनऊऐवजी साडेतेरा अँपियर. फ्यूज दहाचा. तो बिचारा आपलं काम चोख करत होता.

बाजारातून तिनं नवी तार आणली आणि सळईवर गुंडाळायला घेतली. बोटं सोलवटली. मीटर लावला, तर एकवीस. तार आखूड कापली गेली होती.

"एकोणीस-वीसचा फरक चालतो हो!" दीर म्हणाला.

"अकरा अँपियर जातील. नाही चालत."

"मग तुकडा जोडा."

"जोड तिथंच तापतो नि तुटतो. तीन वेळा तेच केलंय मी."

ती पुन्हा बसली. लांब तार घेतली, वेढा वेढ्याला टेकू न देता गुंडाळली. चोवीस. कॉइल भट्टीत बसवली, नवा फ्यूज घातला, बटण दाबलं. दोघांचेही डोळे फ्यूजवर. तो टिकला. कॉइल हळूहळू लालबुंद झाली.

संध्याकाळी भट्टी बंद केल्यावर सासूबाई आल्या. "उघड, बघू."

"निवल्याशिवाय नाही. गार वारा लागला तर तडकतील."

"उद्याचीच मुदत आहे," दिरानं आठवण करून दिली.

"म्हणूनच आज उघडत नाही."

रविवारी दुपारी सासूबाईंनी एक कप उचलला, नखानं टिचकी मारली. खणखणीत वाजला. दुसरा, तिसराही.

"तुझा माल तुझ्या पलंगावर ठेव," त्यांनी धाकट्याला सांगितलं.

"मग झोपू कुठं?"

सुनेला हसू आलं, पण हात थांबले नाहीत. कच्च्या कपांचा पुढचा घाणा ती रिकाम्या भट्टीत रचू लागली होती.