वायर उपटली तेव्हा

नऊ दिवस झाले, तरी थोरलीला ती चूक सापडत नव्हती. तिचं काम कर्नलमधलं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी गाभ्यातलं. बारकोड वाचणाऱ्या यंत्राला कॉम्प्युटरशी जोडणारा कोड तिने लिहिला होता आणि ग्रंथालयांतून तक्रारी येत होत्या, की कॉम्प्युटर चालता चालता आडवा होतो. तिच्या टेबलावर मात्र तो शहाण्यासारखा वागायचा.

त्यात आई राहायला आलेली. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. गप्प बसायची सवयच नाही. दुपारी थोरली बारकोड तपासत असताना आईने मागे हात घातला, यंत्राची वायर उपटली आणि तिथे स्वतःचा फोन लावला.

स्क्रीन काळी पडली. पांढऱ्या अक्षरांच्या ओळीच ओळी.

"अगं बाई! मोडलं का गं?"

"आई, हलू नकोस. काय केलंस नेमकं?"

"माझा फोन मेला होता, म्हणून जरा..."

"पुन्हा कर."

"मुद्दाम?"

मग दोघी कामालाच लागल्या. थोरली शाम्पूच्या बाटलीवरचा बारकोड यंत्रासमोर धरायची, आई वायर ओढायची. अकरा वेळा ओढली, चार वेळा कॉम्प्युटर कोसळला. थोरलीने त्या ओळी बारकाईने वाचल्या आणि कपाळावर हात मारला.

"वायर निघाली की माझा कोड त्याने घेतलेली मेमरी परत करतो. पण यंत्राकडे सारखा डोकावणारा टायमर मी थांबवते त्याच्यानंतर. तो बिचारा तोवर जुन्या पत्त्यावर जातो आणि तिथे दुसऱ्याच कुणाचा संसार मांडलेला!"

"म्हणजे आवराआवर उलटी केलीस," आई म्हणाली. "आम्ही आधी लाइनीवर कुणी बोलतंय का ते ऐकायचो, मगच जोडणीची पिन काढायचो. नाहीतर सुपरवायझर बाई फाडून खायच्या."

"मगाशी न ऐकताच काढलीस की!"

"मी रिटायर झालेय."

थोरलीने दोन ओळींची अदलाबदल केली: आधी टायमर थांबवायचा, तो पुरता थांबेपर्यंत वाट बघायची, मग मेमरी सोडायची. आईने साठ वेळा वायर ओढली. कॉम्प्युटर ढिम्म हलला नाही. साठाव्या वेळी थोरलीने आईला खुर्चीसकट गरकन फिरवलं.

दुरुस्ती तपासणारे गृहस्थ सगळ्यांत खडूस म्हणून प्रसिद्ध. प्रत्येक कामात तीन चुका काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. थोरलीने "चूक शोधणाऱ्या" म्हणून आईचं पूर्ण नाव घातलं आणि धाकधुकीतच दुरुस्ती पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं, एकाच शब्दाचं: "घेतलं."

आईने चष्मा लावून आपलं नाव दोनदा वाचलं आणि लगेच मावशीला फोन लावला.

"अगं, कॉम्प्युटरच्या गाभ्यात नाव लागलंय माझं! नाही, तुला नाही कळायचं. मला तरी कुठे कळलंय?"