पाचव्या गच्चीवरचा उंचवटा

या मायबाप, जरा जवळ सरकून बसा. कोरियातल्या बुसान शहराच्या डोंगरउतारावरच्या एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगतो. लहानशीच आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

म्हातारा मानबोक इमारतीच्या पाचव्या गच्चीवर गुडघे टेकून विळ्याने गवत कापत होता. इतर गच्च्यांवर तो यंत्र फिरवी. या एका उंचवट्याला मात्र विळाच. इमारत डोंगरासारखीच पायऱ्यापायऱ्यांनी उतरलेली, खालच्याची गच्ची म्हणजे वरच्याचं अंगण. रस्त्यावरून पाहिलं तर डोंगर कुठे संपला नि घरं कुठे सुरू झाली, कळू नये. म्हणूनच तर आर्किटेक्टने गच्च्यांवर गवताचे गोल उंचवटे उठवले. त्याला त्यांत टेकड्या दिसल्या. राहायला आलेल्यांना दिसली थडगी; आपल्याकडे माणूस पुरला की वर असाच गवताळ उंचवटा करतात ना!

"आजोबा, थांबा जरा." इमारतीचा व्यवस्थापक कू धापा टाकत वर आला. "कमिटीचं ठरलंय. चुसोकच्या सणाआधी सगळे उंचवटे सपाट."

"सगळे?"

"सणाला पाहुणे येणार. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना सासू म्हणाली म्हणे, 'सूनबाई, फ्लॅट घेतलास की स्मशान?'" कू हसला. मानबोक हसला नाही, तसा कूचा आवाज उतरला. "तुमचं ठाऊक आहे मला. भांडलो मी, आजोबा. पण मी पडलो पगारी माणूस."

इमारतीआधी या उतारावर खरी थडगी होती. त्यांत मानबोकची बायको होती, बुनरे. 'आपापली माणसं हलवा' असे फलक लागले, तेव्हा मानबोक दूरच्या समुद्रात, मासेमारीच्या जहाजावर. मूलबाळ नाही. तो परतला तोवर बुनरे बेवारस ठरून जाळली गेली होती, तिची राख इतर बेवारशांच्या राखेत मिसळली होती. त्याने इथेच माळीकाम धरलं आणि अंदाजाने हा उंचवटा तिचा मानला. सणाला त्यावर तांदळाची दारू ओतायची, दोनदा वाकायचं, मग बसून गप्पा मारायच्या. एवढाच संसार उरला होता.

"बाकीचे मशीनवाला करू दे," तो म्हणाला. "हा मी करतो."

थडगं उघडण्याआधी आतल्या माणसाला हाक मारायची रीत आहे. त्याने फावड्याच्या दांड्याने चारी बाजूंना हलकेच ठोकलं.

"अगं ए, ऊठ. घर बदलायचंय. घाबरू नको. या खेपेला मी आहे."

कू पाठ फिरवून उभा राहिला.

गवत निघालं, वीतभर माती निघाली, आणि खाली पांढरं थर्माकोल लागलं. छतावर भार नको म्हणून भरलेलं. ओतलेल्या दारूचे पिवळे ओघळ त्यावर सुकले होते. मानबोकने एक ठोकळा उचलला. एका हाताने उचलला गेला.

"आजोबा, बसा. पाणी आणू?"

"इतकी हलकी नव्हती रे ती," तो म्हणाला. "भांडायची तेव्हा अख्खी गल्ली दारं लावून घ्यायची."

दुपार कलेपर्यंत गच्ची सपाट झाली. त्याने गवताचे चौकोन जागच्या जागी बसवले, पाणी शिंपडलं. मग सवयीने दोन्ही हात कपाळाशी नेले आणि तसाच उभा राहिला. कुणीकडे तोंड करून वाकायचं, ते त्याला उमगेना. डोंगर सगळीकडे सारखाच हिरवा होता.

मायबाप, सणाला तुम्ही आपल्या माणसांपुढे वाकाल, तेव्हा बुनरेचंही नाव हळूच घ्या. ती कुठे आहे, देवाला ठाऊक असेल.