दोन सेंटिमीटर

नदीकाठच्या वाटेवर आम्ही रमतगमत चाललो होतो. म्हणजे रमत होत्या सासूबाई. मी बाबागाडी ढकलत नुसतं छकुलीचं डोकं बघत होते.

"अगं, जरा नदीकडेही बघ की. लेक कुठे पळून चाललीय?"

मी हसल्यासारखं केलं. तीन आठवड्यांपूर्वी दवाखान्यात तिच्या कार्डावर डोक्याचा घेर लिहिला होता, बेचाळीस. काल दुपारी ती झोपलेली असताना मी घरी मापला, तर साडेचव्वेचाळीस! पुन्हा मापला, तरी तेवढाच. बाळाचं डोकं असं भराभर वाढलं तर आत पाणी साठलेलं असू शकतं, असं कुठेतरी वाचलं होतं. कशाला वाचलं, देव जाणे. नवरा कामासाठी परगावी. त्याला उगाच घोर नको, म्हणून बोलले नाही. उद्या दहाची डॉक्टरांची वेळ गुपचूप घेतली आणि रात्र छताकडे बघत काढली.

सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे प्रत्येक बाकावर मुक्काम असतो. तिसऱ्या बाकावर त्यांनी छकुलीची टोपी सारखी केली आणि म्हणाल्या, "टोपी घट्ट होतेय गं हिला."

माझा बांधच फुटला. हुंदके देत देत सगळं सांगून टाकलं.

त्यांनी पदराने माझे डोळे पुसले. मग शांतपणे विचारलं, "टेप कुठली घेतलीस?"

"तुमचीच. मशीनच्या खणातली पिवळी."

"अगं बाई!" त्यांनी कपाळावर हात मारला. "तिचं टोक इस्त्रीखाली जळलं होतं. दोन सेंटिमीटर कापून टाकले मी. कडा दुमडून शिवलीय, दिसली नाही तुला?"

"मी पुढचा आकडाच बघत होते..."

"अख्ख्या गावाचे शर्ट शिवले त्याच टेपने. दोन वजा करायचे, माझ्या डोक्यात बसलंय ते."

"तुमच्या डोक्यात! टेपवर लिहून ठेवायला काय झालं होतं?"

"दुसरं कोण वापरतंय म्हणून लिहू? तू तर साधं बटणही लावत नाहीस!"

बोलता बोलता त्यांनी पर्समधून दुसरी, धड टेप काढली. तीस वर्षं शिवणकाम केलेली बाई, टेपशिवाय घराबाहेर पडत नाही. भुवयांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून त्यांनी माप घेतलं. छकुली टेपचं टोक चोखायला बघत होती. मी आधी शून्य बघितलं, मग आकडा. साडेबेचाळीस.

"अजून एकदा," मी म्हटलं.

तीनदा मापलं. चौथ्यांदा त्यांनी टेप माझ्याच डोक्याभोवती गुंडाळली. "छप्पन्न. एवढं मोठं डोकं असून उपयोग काय?"

मी रडत रडत हसायला लागले.

"उद्याची वेळ रद्द करू?"

"कशाला? जाऊन येऊ दोघी. तुझी खात्री होईल. आणि मनात काही आलं तर आधी मला सांगत जा. परकी आहे का मी?"

मी मान हलवली. बाबागाडीचा दांडा त्यांनी आपल्या हातात घेतला. ऊन पाठीवर येत होतं. समोर नदी अगदी संथ वाहत होती. एवढंच आठवतं.

डोळे उघडले तेव्हा मान त्यांच्या खांद्यावर होती.

"किती वेळ झोपले मी?"

"अर्धा तास. घोरलीससुद्धा. काठावरची बदकं पळाली बघ सगळी."