पंजाबरावांची बोली

"हे काय आहे?"

मैदानाच्या फाटकावर झडती घेणाऱ्या माणसानं पंजाबरावांच्या कोटाच्या खिशातून एक चंदेरी नळी बाहेर काढली. हातात मावेल एवढी, टोकाला काळी चकती. मागं रांग खोळंबली होती. निळे मफलर घातलेली माणसं माना उंचावून पाहत होती.

तनुजा घाईनं पुढं झाली. "माझे वडील आहेत. कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढलंय. ही नळी गळ्याला लावली की त्यांना बोलता येतं," तिनं इंग्रजीत सांगितलं.

त्या माणसानं पंजाबरावांच्या गळ्याशी बांधलेल्या रुमालाकडं पाहिलं, नळी परत दिली आणि लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्यानं, एकेक शब्द तोडून म्हणाला, "एन्जॉय द मॅच, सर!"

पंजाबरावांनी आपल्या दोन्ही कानांना बोट लावलं आणि हात हलवून सांगितलं, कान शाबूत आहेत बाबा. मग वळून त्यांनी लेकीकडं डोळे वटारले. ही नळी त्यांनी खिशात ठेवलीच नव्हती.

"मीच टाकली," तनुजा म्हणाली. "रागावू नोका. लागली तर असू द्या म्हटलं."

पंजाबराव मान फिरवून पायऱ्या चढू लागले.

वऱ्हाडातल्या कारंज्याच्या भाजीबाजारात बबनरावांच्या अडतीवर त्यांनी उभी हयात हर्रास, म्हणजे मालाचा लिलाव, बोलण्यात घातली होती. पहाटे मालाच्या ढिगावर उभं राहून त्यांनी "बोला, बोला, बोला!" अशी आरोळी दिली की एसटी स्टँडवर उतरणाऱ्याला कळायचं, बाजार उघडला. इंझोरीकडचे बागायतदार आपला माल दुसऱ्या कुणाच्या तोंडी द्यायला तयार नसत. मग बिडीनं घात केला. नागपूरला ऑपरेशन झालं, गळ्याला भोक पडलं, श्वास तिथून आणि आवाज कुठूनच नाही. तनुजा इंग्लंडात नर्स. तिनं ही नळी पाठवली. पंजाबराव ती घेऊन मोठ्या उमेदीनं थेट बाजारात गेले, ढिगावर चढले आणि बोलले. मोटारीची घरघर निघावी तसा सपाट, भुणभुणणारा आवाज निघाला. हमाल हसले. दिवाणजींनी नाक दाबून नक्कल केली. बबनराव खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पंजाबराव, तुमी आता घरी आराम करा."

घरी येऊन त्यांनी नळी धोतरात गुंडाळून पेटीच्या तळाशी टाकली. तुळसाबाईनं, त्यांच्या बायकोनं, तो आवाज कधी ऐकलाच नाही. हातवाऱ्यांवर दोघांचा संसार चालला होता. यंदा एकट्या पंजाबरावांना थोडे दिवस इकडं आणायला गेलेल्या तनुजाला पेटीत ती सापडली.

तनुजाच्या खिडकीतून शनिवारी फुटबॉलच्या मैदानाकडं जाणारी, गात जाणारी माणसं दिसत. पंजाबरावांनी बोटानं दाखवलं, तिथं जायचं.

"बाबा, थंडी हाये. गार हवा सरळ छातीत जाते तुमच्या. टीव्हीवर पाहू ना घरीच."

पंजाबरावांनी बूट घातले आणि दाराशी स्टूल घेऊन बसले. तिकिटं निघेपर्यंत उठले नाहीत.

आता ते हजारो माणसांमध्ये बसले होते आणि ती सगळी माणसं एका सुरात गात होती. पंजाबरावांची छाती आपोआप भरायची, तोंड उघडायचं, आणि रुमालाखालून नुसती हवा फुस्सकन निघून जायची. दोन-तीनदा असं झाल्यावर त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. तनुजानं ते पाहिलं आणि ती मैदानाकडं बघत राहिली.

गावचा निळा संघ हरत होता. तिसरा गोल बसला तसं गाणं विरलं आणि रांगाच्या रांगा रिकाम्या होऊ लागल्या. पंजाबरावांनी हातानं विचारलं, काहून?

"हारून राह्यले ना, म्हून चालले. आपणही निघू. बसमध्ये जागा भेटल."

पंजाबरावांनी खाली पाहिलं. निळ्या कपड्यातली पोरं चिखलात अजून धावतच होती. एक जण पडला, उठला, पुन्हा चेंडूमागं गेला. बाजारातही दुपार कलली की गिऱ्हाईक पांगायचं. कुण्या बाईची सुकलेल्या मेथीची एक टोपली तेवढी उरायची. बबनराव म्हणायचे, राहू द्या आता. पंजाबराव त्या टोपलीसाठीही तशीच आरोळी ठोकायचे, पहाटेसारखी.

त्यांनी रुमाल थोडा बाजूला सारला, खिशातून नळी काढली, गळ्याला टेकवली आणि उभे राहिले.

"बोला! बोला! बोला!"

तो सपाट, घरघरता आवाज ओस पडलेल्या खुर्च्यांवरून गेला. आसपासची डोकी गर्रकन वळली. मागच्या रांगेतल्या दोन तरुणांपैकी एकानं मुठीनं गळा धरून तसाच भुणभुण आवाज काढला. दुसरा खिदळला.

तनुजा ताडकन उठली. चेहरा लालबुंद. "चाला बाबा. नाही बसायचं इथं. चाला."

पंजाबराव हलले नाहीत. ते मागं वळले, त्या दोघांकडं तोंड करून उभे राहिले, आणि नळी पुन्हा गळ्याला लावली.

"कायले हासता रे? तुमचेच लोक हायेत ना ते? त्यायले सोडून चालले सारे, आन् तुमी मले हासता? बोला! त्यायच्यासाठी बोला!"

त्या दोघांना एक शब्द कळला नसणार. नक्कल करणाऱ्यानं हात खाली घेतला आणि बुटाकडं पाहू लागला. दुसरा हसतच राहिला. हसू दे, म्हणून पंजाबरावांनी पाठ फिरवली आणि मैदानाकडं तोंड करून शिट्टी होईपर्यंत बोलत राहिले. चेंडू मारणाऱ्याला हुरूप दिला, पंचाला शिव्या घातल्या. अस्सल वऱ्हाडी, कारंज्याच्या हमालांनीही कान झाकावेत अशा. तनुजा आपल्या खुर्चीत बसून हसत होती आणि डोळे पुसत होती.

निळा संघ हरला तो हरलाच. वर आणखी एक गोल बसला.

परतीच्या बसमध्ये पंजाबरावांनी तिच्यापुढं हात केला. फोन.

"आईले लावू? मी बोलतो ना," तनुजा म्हणाली.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. तिनं नंबर लावून दिल्यावर फोन स्वतःच्या कानाला लावला.

"तनू?" पलीकडून तुळसाबाई म्हणाली. "किती वाट पाहावं व? जेवले काय तुझे बाबा?"

"जेवलो," नळी गळ्याला टेकवून पंजाबराव म्हणाले.

"कोन? कोन हाये? हा काय आवाज येऊन राह्यला? तनू!"

तनुजानं समजावून सांगायला हात पुढं केला. पंजाबरावांनी तो बाजूला सारला.

"मी होय. पंजाब."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"आयकू नाही आलं," तुळसाबाई म्हणाली. "जोरानं बोला."

बसमधली माणसं वळून पाहत होती. पंजाबराव उठले, वळणावर तोल जाऊ नये म्हणून दांडीला पाठ टेकवली, आवाज वाढवायचं बटण अंगठ्यानं शेवटपर्यंत सरकवलं आणि तिचं नाव घेतलं.